टेम्पो खरंच ‘कडेला’ होता का? ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका अपघाताचे पोलीस कागद

मोटार अपघाताच्या दाव्यांत मी ठाण्याच्या कोर्टात काम करते. त्यातलं हे एक प्रकरण, संबंधितांच्या संमतीनं आणि त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. हेच निवडलं, कारण घरच्यांनी पोलिसांचा पहिला कागद वाचून हात टेकले होते आणि पोलिसांच्याच दुसऱ्या कागदात त्यांची बाजू लिहिलेली होती.

घटना साधी आहे. जुलै २०२५, पावसाची रात्र. कळव्याहून नातेवाइकांकडचं जेवण आटोपून नवरा-बायको कारनं कोपरखैरण्याला घरी निघाले होते. गाडी नवरा चालवत होता, बायको शेजारच्या सीटवर, दोघांनीही पट्टा लावलेला. दिघा, ऐरोली मागे पडलं. रबाळे ते घणसोलीच्या दरम्यान अंधारात पुढे एक टेम्पो उभा असल्याचं अगदी जवळ गेल्यावर दिसलं. नवऱ्यानं गाडी उजवीकडे काढली, पण कारची डावी बाजू टेम्पोच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली. नवऱ्याच्या बरगड्यांना मुका मार लागला. बायकोच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया करून रॉड घालावा लागला. त्या एका खासगी शाळेत शिकवतात, संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात. पुढे त्यांना मी ताईच म्हणते.

त्यांचा धाकटा भाऊ महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून प्रथम खबर अहवाल (एफआयआर) उतरवून माझ्याकडे आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, दाजींवरच गुन्हा टाकलाय. आता ताईला काहीच मिळणार नाही ना?”

गुन्हा दाजींवर दाखल झालाय, एवढं खरं होतं. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि अशा चुकीच्या निष्कर्षापायी लोक पुढचे महत्त्वाचे आठवडे हातचे घालवतात.

पहिला कागद: प्रथम खबर अहवाल

अहवालाच्या मजकुरात टेम्पोचालकाचं म्हणणं असं होतं: “मी माझ्या ताब्यातील टेम्पो टायर तपासणेकामी रस्त्याच्या कडेला उभा केला असता, ठाण्याकडून बेलापूरच्या दिशेने येणाऱ्या मोटार कारवरील चालकाने त्याच्या ताब्यातील कार भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून माझ्या टेम्पोस पाठीमागून जोरदार धडक दिली. सदर अपघातात कारमधील महिलेस किरकोळ दुखापत झाली आहे.”

“भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने” वाचून भावाचा चेहरा उतरला होता. मी त्याला सांगितलं, हे शब्द बहुतेक प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत असतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लावायचं तर वाहन बेदरकारपणे किंवा हयगयीनं चालवलं असं फिर्यादीत यावं लागतं, म्हणून ठाणे अंमलदार ते ठरलेल्या शब्दांत लिहून घेतो. वेग कुणी मोजलेला नसतो, तपास तर अजून सुरूही झालेला नसतो. प्रथम खबर म्हणजे पोलिसांपर्यंत आलेली पहिली हकीकत. ज्यानं सांगितली त्याची ती बाजू.

ती कुणी सांगितली आणि केव्हा, हे त्याच छापील नमुन्याच्या रकान्यांत असतं. लोक थेट १२ व्या रकान्यातला मजकूर वाचतात आणि आधीचे रकाने सोडून देतात. माझा अनुभव असा की आधीचे रकाने वाचल्याशिवाय १२ वा नीट कळतच नाही.

तिसऱ्या रकान्यात घटनेची वेळ २३.४० होती आणि पोलीस ठाण्यात खबर पोहोचल्याची वेळ ०१.५०. रुग्णालयाच्या कागदावर ताईंना दाखल केल्याची वेळ ००.२५. म्हणजे टेम्पोचालक पोलीस ठाण्यात बसून हकीकत सांगत होता, तेव्हा ताई अपघात विभागात खाटेवर होत्या आणि नवरा त्यांच्या उशाशी. दोघांपैकी कुणाचंही म्हणणं त्या कागदात येणं शक्य नव्हतं. यात टेम्पोचालकाचा किंवा पोलिसांचा काही डाव होता असं मी म्हणत नाही. जो चालत पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकला तो फिर्यादी झाला. मात्र हे घड्याळ पुढे भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला दाखवता येतं, म्हणून या वेळा लगेच टिपून ठेवायच्या. रुग्णालयाच्या कागदावरची वेळसुद्धा.

दुसऱ्या रकान्यात कलमं होती: न्याय संहितेची २८१ आणि १२५(अ), शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४. कलम १२५(अ) साध्या दुखापतीचं आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२५(ब) गंभीर दुखापतीचं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं की ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच होते, कलम ११६ च्या व्याख्येत तसं स्पष्ट आहे. मग इथे ‘किरकोळ’ आणि १२५(अ) कसं आलं? रात्री दोन वाजता टेम्पोचालकाला एवढंच ठाऊक होतं की बाई शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. एक्स-रे नंतर निघाला.

सातव्या रकान्यात आरोपी म्हणून दाजींचं नाव. आठव्यात, खबर द्यायला उशीर का झाला याचं कारण, ते कोरं होतं. उरलेल्या रकान्यांकडे या प्रकरणात फार बघण्यासारखं नव्हतं. फक्त पहिल्या रकान्यानं भावाला कोड्यात टाकलं होतं: जिल्हा ‘नवी मुंबई’. हा पोलीस जिल्हा, आयुक्तालयाचा. महसुली जिल्हा निराळा असतो. ऐरोली-घणसोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, खारघर-पनवेलकडचा भाग रायगडमध्ये. दावा कुठे लावायचा हे या रकान्यावरून ठरवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे दावा लावता येतो.

अहवालाची प्रत मिळणं हा हक्क आहे, हेही सांगून ठेवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला ती विनामूल्य द्यायची असते. ताई पीडित होत्या. पतीवर गुन्हा आहे म्हणून पत्नीला प्रत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

दुसरा कागद, ज्यात सगळं होतं

घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळायला भावाला बरेच हेलपाटे पडले. मिळाली तेव्हा हस्ताक्षर लागेना म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली होती. मी त्याला समोर बसवून ओळन् ओळ मोठ्यानं वाचायला लावली.

पंचनामा त्याच रात्री ०२.४५ ते ०३.३० मध्ये झाला होता. दोन पंच, जागेचं वर्णन, चतुःसीमा: पूर्वेस एमआयडीसीकडील पदपथ, पश्चिमेस दुभाजक, उत्तरेस रबाळ्याकडून येणारा आणि दक्षिणेस घणसोलीकडे जाणारा रस्ता. चतुःसीमा हा भाग लोकांना निरुपयोगी वाटतो. पण दिशा पक्क्या झाल्याशिवाय पुढचं एकही माप कळत नाही. बेलापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला पूर्व येते, म्हणजे या कागदात ‘पूर्वेकडील कडा’ म्हणजे रस्त्याची डावी कड.

मग ते वाक्य आलं: “सदर टेम्पोचे मागील डाव्या बाजूचे चाक रस्त्याचे पूर्वेकडील कडेपासून ३.१० मीटर अंतरावर दिसून येते.”

मी कागदावर तीन लेन आखून भावाला दाखवलं. एक लेन साधारण साडेतीन मीटरची. छोटा टेम्पो सुमारे पावणेदोन मीटर रुंद. डावं चाक ३.१० मीटरवर असेल तर टेम्पोचा पाऊण भाग मधल्या लेनमध्ये येतो. फिर्यादीत ‘रस्त्याच्या कडेला’, आणि पोलिसांनी स्वतः टेप लावून घेतलेलं माप सांगतं मधली लेन.

पुढे आणखी तीन गोष्टी होत्या. घटनास्थळाच्या वरचा पथदिवा बंद असल्यानं पंचनामा ‘बॅटरीच्या उजेडात’ केला, असं लिहिलं होतं. टेम्पोच्या मागे-पुढे परावर्तक त्रिकोण, दगड, फांदी असं काही ठेवल्याची नोंद नव्हती. पंचनाम्यात जे दिसतं ते लिहितात आणि इथे रस्त्यावर पडलेली चप्पलसुद्धा लिहिली होती. एवढ्या बारकाईनं लिहिणाऱ्यानं त्रिकोण पाहिला असता तर नोंदवला असता, हा युक्तिवाद त्यातून उभा राहतो. तिसरी गोष्ट काचांची. फुटलेल्या काचा आणि दिव्याचे तुकडे पूर्वेकडील कडेपासून साधारण चार ते सहा मीटरच्या पट्ट्यात विखुरलेले होते.

काचांना मी इतकं महत्त्व देते, कारण टेम्पोच्या विमा कंपनीचं उत्तर काय असेल ते मला दिसत होतं: टेम्पो कडेलाच होता, धडकेनं तो मधल्या लेनमध्ये ढकलला गेला. काचा मात्र जिथे आदळआपट होते त्याच्या आसपास पडतात. शिवाय मार टेम्पोच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर बसलेला आहे. उजव्या कोपऱ्यावर मागून धक्का बसला तर टेम्पोचं तोंड डावीकडे, कडेच्या बाजूला वळेल. उजवीकडे मधल्या लेनमध्ये सरकणार नाही.

पंचनाम्यात आपल्या विरुद्ध जाणारं काही नव्हतं असं नाही. “ब्रेक मारल्याच्या खुणा दिसून येत नाहीत” असं होतं. यावरून समोरचा म्हणणार की चालकानं ब्रेकच लावला नाही, म्हणजे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच कागदावर “रस्ता पावसाने ओला” हेही आहे. ओल्या डांबरावर खुणा धड उमटत नाहीत, आणि ज्या गाडीला चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा आहे तिच्या खुणा तशाही पुसट असतात. तरी भावाला मी स्पष्ट सांगितलं की दाजींनी पावसात किती वेगानं गाडी आणली हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. पंचनाम्यातलं सोयीचं तेवढं उचलायचं आणि बाकीचं झाकायचं, असं केलं तर उलटतपासणीत सगळंच निसटतं.

पंचनाम्याच्या वेळी कार क्रेननं बाजूला घेतलेली होती. त्यामुळे नकाशात कारची जागा दाखवली आहे ती धडकेनंतरची मूळ जागा नाही. हे नकाशा पाहून कळत नाही, मजकूर वाचला तरच कळतं. वाहनं हलवण्याआधी कुणी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते सोन्याच्या मोलाचे. इथे रस्त्यानं जाणाऱ्या एका रिक्षावाल्यानं काढलेले दोन फोटो नंतर सापडले. ते न्यायाधिकरणात द्यायचे म्हणून डिजिटल पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडलं. जवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र मागायला गेलो तोवर त्यावर नवं चढलं होतं.

एक्स-रे पोलिसांपर्यंत कोण नेणार

लोक समजतात की रुग्णालय आणि पोलीस यांचं आपापसात सगळं चालतं. पहिली वर्दी तशी आपोआप जाते, कारण अपघाताचा रुग्ण आला की वैद्यकीय-कायदेशीर नोंद करावीच लागते. पण नंतर निघालेला एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणी आणि अंतिम इंजुरी सर्टिफिकेट तपासी अंमलदाराच्या फायलीत गेलं की नाही, हे घरच्यांनीच पाहावं लागतं. अंमलदाराकडे अशा कितीतरी फायली असतात.

ताईंच्या वतीनं वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना एक अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. अर्जात भावना नव्हत्या, मागण्या होत्या: जखमीचा जबाब रुग्णालयात येऊन नोंदवावा, हाड मोडल्याचे सोबत जोडलेले कागद पाहून कलमात दुरुस्ती करावी, टेम्पोची प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून तपासणी झाल्याशिवाय तो सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मालकाच्या ताब्यात, सोडू नये, आणि तपासणीत मागचे दिवे व परावर्तक पट्ट्या आवर्जून बघाव्यात.

शेवटची मागणी मी प्रत्येक प्रकरणात करते. एकदा वाहन मालकाच्या ताब्यात गेलं की दिवा बदलायला दहा मिनिटं पुरतात. इथे तपासणी वेळेत झाली. मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात टेम्पोचा उजवा मागचा दिवा ‘अपघातात फुटलेला’ होता, ते अपेक्षितच. डाव्या दिव्याला धक्काही लागला नव्हता, तरी त्याच्यापुढे ‘बंद, वायरिंग सुटलेली’ असा शेरा होता. परावर्तक पट्टी ‘आढळली नाही’. कारचे ब्रेक आणि स्टिअरिंग व्यवस्थित, नुकसान पुढच्या डाव्या बाजूला. गाडी डाव्या कोपऱ्यानं आदळली, म्हणजे चालक शेवटच्या क्षणी उजवीकडे वळवत होता. लक्ष नसलेला माणूस सरळ जाऊन आदळतो.

जबाबाबद्दल दोन शब्द. ताईंचा जबाब रुग्णालयातच घेतला गेला. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं की जे पाहिलं तेच सांगा, वेगाचा आकडा विचारला आणि काट्याकडे पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हणा, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा. फिर्यादीवर सही असते, तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते. त्यामुळे सही मागितली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण वाचून घेणं आवश्यक. पहिल्या मसुद्यात “माझे पती वेगात गाडी चालवीत होते” असं आलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, “रस्ता मोकळा होता, नेहमीच्या वेगात होतो.” त्यांनी तिथेच दुरुस्त करायला लावलं आणि हवालदारांनी काही कुरकुर न करता केलं.

कलम १२५(ब) वाढलं. त्याचा पहिला फटका दाजींनाच, कारण आरोपी तेच होते. भाऊ गोंधळला: आपणच अर्ज देऊन दाजींवरचं कलम कडक करून घेतलं? हो, घेतलं. ताईंची दुखापत कागदावर किरकोळ राहिली असती तर मांडीतला रॉड, सहा-सात महिने बुडालेली शाळा, बंद पडलेल्या शिकवण्या हे सगळं ‘किरकोळ’ या शब्दाशी झगडत मांडावं लागलं असतं. आणि दुखापत होती तशीच लिहिली गेली, त्यात दाजींवर अन्याय काही नाही.

टेम्पोचालकाविरुद्ध मात्र पोलीस लगेच गुन्हा नोंदवायला तयार नव्हते. “एका अपघाताचा एकच गुन्हा” असं सांगण्यात आलं. एकाच घटनेबद्दल दुसऱ्या बाजूची वेगळी फिर्याद घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं उपकार सिंग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्याचा हवाला, पंचनाम्यातलं ३.१० मीटरचं माप आणि निरीक्षकाचा दिव्याचा शेरा जोडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज केला. आठवडे गेले, पण ताईंच्या फिर्यादीवरून टेम्पोचालकावर वेगळा गुन्हा नोंदला गेला: न्याय संहितेचं कलम २८५, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा आणि धोका, १२५(ब), आणि मोटार वाहन कायद्याचं १२२, वाहन धोकादायक स्थितीत उभं ठेवणं.

दावा, आणि घरात उठलेला प्रश्न

२०२२ पासून अपघाताच्या तपासाला केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक ठरलेली चौकट आहे. तपास अधिकाऱ्यानं पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यासोबत चालकाचा, मालकाचा आणि पीडिताचा नमुना, जागेचा नकाशा, वाहनतपासणी. गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही चौकट काटेकोर पाळायला सांगितलं. जखमीला याचा मोठा उपयोग असा की दोन्ही वाहनांच्या विम्याचे, परवान्यांचे तपशील एका ठिकाणी येतात. पीडिताचा नमुना कोरा किंवा अर्धवट जाऊ देऊ नये. मिळकत, खर्च, घरी अवलंबून कोण, हे त्यातच येतं. ताईंच्या शिकवण्यांचं उत्पन्न सुरुवातीला लिहायचंच राहिलं होतं, ते पालकांनी खात्यावर पाठवलेल्या पैशांच्या नोंदी लावून भरलं.

तरी पोलिसांचा अहवाल जाईल आणि सगळं आपोआप होईल यावर कुणी विसंबू नये. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आम्ही स्वतंत्र अर्ज मुदतीत दाखल केला. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात, पण ताईंचं नुकसान त्याहून बरंच मोठं होतं, म्हणून १६६ चा मार्ग घेतला.

आता प्रतिवादी कोण? टेम्पोचा मालक आणि त्याची विमा कंपनी. आणि कारचा मालक, म्हणजे दाजी, आणि कारची विमा कंपनी. ताई यावर अडल्या. “मी माझ्याच नवऱ्यावर दावा करू?” त्यांच्या सासूबाई तर म्हणाल्या, लोक काय म्हणतील.

मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण या एका संकोचापायी मी बायकांना निम्म्या भरपाईवर पाणी सोडताना पाहिलं आहे. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाची चालकाच्या चुकीत भागीदारी नसते. ताईंच्या दृष्टीनं हा दोन चालकांच्या एकत्रित हयगयीचा प्रकार. खेन्येई प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की अशा वेळी जखमी व्यक्ती दोघांपैकी कुणाकडूनही किंवा दोघांकडून पूर्ण भरपाई मागू शकते, आपापसातली वाटणी त्यांनी नंतर करावी. दाजींचं नाव अर्जात येतं ते त्यांच्या विमा कंपनीपर्यंत पोहोचण्यासाठी. तेही विमा योग्य असेल तरच. खासगी कारचा फक्त तृतीय पक्षाचा स्वस्त विमा असेल तर गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जोखीम त्यात धरलेली नसते. सर्वसमावेशक पॅकेज विमा असेल तर असते. म्हणून पॉलिसी उघडून बघितली. पॅकेज होती. तेव्हा कुठे घरातला आवाज खाली आला.

दाजींची गोष्ट निराळी. ते स्वतःच्या बरगड्यांसाठी टेम्पोवाल्याकडे दावा करू शकतात, पण त्यांच्या बाबतीत स्वतःची चूक वजा होते. न्यायाधिकरण जेवढी टक्केवारी त्यांच्याकडे ठरवेल तेवढी रक्कम कमी. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांसाठी तोच पोलीस कागद असा वेगवेगळा वाचावा लागतो. याच कारणानं मी ताईंचं काम घेतलं आणि दाजींना फौजदारी खटल्यासाठी दुसरा वकील बघायला सांगितलं.

टेम्पोच्या विमा कंपनीनं लेखी जबाबात अपेक्षेप्रमाणे प्रथम खबर अहवाल जसाच्या तसा उतरवला आहे: टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता, सगळी चूक कारचालकाची, त्याच्यावर गुन्हा दाखल आहे. यावर आमचं उत्तर सरळ आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कुठली शक्यता अधिक वजनदार हे पाहिलं जातं. बिमला देवी (२००९) आणि मंगला राम (२०१८) या निकालांत सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं आहे. गुन्हा कुणावर नोंदला यावर न्यायाधिकरण थांबत नाही, ते सगळे कागद शेजारी ठेवून वाचतं. फिर्याद ऐकून लिहिलेली आहे, पंचनामा मोजून.

दाजींनी मध्यंतरी एक प्रश्न विचारला, तो बरेच लोक विचारतात. फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला तर तारखांमधून सुटका होईल, करू का? त्यांच्या वकिलांनी नको म्हणून सांगितलं आणि माझंही तेच मत होतं. दंडाची रक्कम छोटी असते आणि त्या दिवशी मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण ती कबुली टेम्पोची विमा कंपनी दुसऱ्या दिवशी प्रमाणित प्रत काढून न्यायाधिकरणात ठेवते. ताईंची भरपाई त्यानं बुडत नाही, मात्र टेम्पोकडचा वाटा झटकून टाकायला कंपनीला हातात आयती गोष्ट मिळते, आणि दाजींच्या स्वतःच्या दाव्यात तर त्या कबुलीला उत्तर देणं फार जड जातं. जे घडलं त्यात टेम्पोचाही वाटा आहे असं त्यांना मनापासून वाटत असेल तर सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळं होणं खरंही नाही. त्यांनी कबुली दिली नाही.

दावा आता पुराव्याच्या टप्प्यावर आहे. ताईंची सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं दिलेली साक्ष, शपथपत्रावर दाखल झाली आहे. अपंगत्वाच्या टक्केवारीसाठी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना, दिव्याच्या शेऱ्यासाठी मोटार वाहन निरीक्षकांना आणि ३.१० मीटरच्या मापासाठी पंचांपैकी एकाला समन्स काढायचा अर्ज आम्ही दिला आहे.